संशोधन भिंतीवर लागतं तेव्हा

बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली. तिथल्या शिक्षकांची कामं पाहताना आज मी ज्योती भट्टांपाशीच रेंगाळलो. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ते कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडले. सारवलेल्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदलेले हात टिपत राहिले. पावसात भिंत धुऊन जायची, फोटो उरायचा. हातावरच्या गोंदणाचा ठिपका न् ठिपका त्यात मोजता येतो! तीच नक्षी पुढे त्यांच्या मुद्राचित्रांतही उतरली. यातलं संशोधन कुठलं आणि कला कुठली, ही वाटणी मला करवेना. तिथलेच दुसरे शिक्षक के. जी. सुब्रमण्यन तर भित्तिचित्रं, खेळणी आणि लेखन सगळंच करत. विद्यापीठांनी प्राध्यापकाचे शोधनिबंध जरूर मोजावेत, पण त्याच्या चित्रालाही तेवढंच वजन द्यावं.