व्यक्ति तितक्या प्रकृति

गेल्या पावसाळ्यांत आमचे आणि आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे एकाच सुमारास कुरकुरूं लागले. डॉक्टरांनीं दोघांचेंहि रक्त तपासलें. 'ड' जीवनसत्त्व दोघांचेंहि सारखेंच कमी निघालें: दर मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅम. तें २० तरी असावें असें म्हणतात. औषधहि एकच मिळालें. आठवड्यास ६०,००० एककांची एक पुडी, दुधांतून, आठ आठवडे. दर रविवारीं रात्रीं जेवणानंतर दोन पेले समोर येत. आम्ही आपला पेला रिकामा करून वर्तमानपत्रांत डोकें घालीत असूं. दुसऱ्या पेल्याचें पुढें काय होई, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं.

दोन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासलें. आमचा आंकडा ३४ झाला होता; त्यांचा १८. कागद हातांत पडतांच आम्हीं निकाल दिला, "तूं पुड्या घेतल्याच नाहींस!" स्त्रिया घरांतील सर्वांच्या औषधांच्या वेळा सांभाळतात आणि स्वतःची तेवढी चुकवितात, या विषयावर एक लहानसें व्याख्यानहि आम्हीं झोडलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. उठून त्यांनीं फडताळांतून एक डबा आणला आणि त्यांतल्या रिकाम्या पुड्या एकेक करून आमच्यापुढें मांडल्या. सोळा होत्या. "आठ तुमच्या, आठ माझ्या. तुम्ही असें म्हणाल हें ठाऊक होतें," एवढेंच बोलून त्या स्वयंपाकघरांत गेल्या.

त्या रात्रीं आम्हांस नीट झोप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वैद्यकीय महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आमच्या भाच्यास आम्हीं गांठलें. तो हंसून म्हणाला, "मामा, पुड्या सारख्या असल्या तरी त्या ज्या शरीरांत जातात, तीं कोठें सारखीं आहेत?" मग त्यानें जें सांगितलें, त्याचा सारांश असा.

'ड' जीवनसत्त्व पोटांत गेलें कीं लगेच कामास लागत नाहीं. यकृतांत एक विकर त्याचें रूप पालटतें; रक्तांतून तें वाहून नेण्यास एक प्रथिन लागतें; आणि जास्त झालेलें मोडून टाकण्यास आणखी एक विकर असतें. या तिहींचे आराखडे आपल्या जनुकांत लिहिलेले असतात. सी-वाय-पी-२-आर-१, जी-सी आणि सी-वाय-पी-२४-ए-१ अशीं त्या जनुकांचीं रुक्ष नांवें. कोणाच्या आराखड्यांत जन्मतःच एखादें अक्षर निराळें असतें, आणि तेवढ्यानें कामाची गति बदलूं शकते. २०१० सालीं युरोपीय वंशाच्या ३०,००० हून अधिक लोकांच्या तपासणींत, या जनुकांच्या ठिकाणच्या फरकांचा रक्तांतील जीवनसत्त्वाच्या पातळीशीं संबंध आढळला. पुढील कांहीं प्रयोगांत, औषधानें ही पातळी किती चढते यांतहि पहिल्या दोहोंचा वांटा दिसून आला.

याचें दुसरें टोंक तर फार दुःखद आहे. १९५० च्या दशकांत ब्रिटनमध्यें अर्भकांच्या दुधांत व खाण्यांत हें जीवनसत्त्व सढळ हातानें घातलें जाई. बहुतेक मुलांस तें मानवलें. कांहीं मुलें मात्र ओकूं लागलीं, सुकूं लागलीं, आणि त्यांच्या रक्तांत कॅल्शियम बेसुमार वाढलेलें आढळलें. अशाच विकाराच्या मुलांचा अभ्यास होऊन २०११ सालीं त्याचें एक कारण उघड झालें. जास्तीचें जीवनसत्त्व मोडणाऱ्या विकराचा सदोष आराखडा या मुलांस आई व बाप या दोघांकडूनहि आला होता. मायेनें चमचा भरविणाऱ्या मातांचा यांत काय अपराध?

"मग तुझ्या मामीचें कारण हेंच ना?" आम्हीं उतावीळपणें विचारलें. भाचा सावधपणें म्हणाला, "तसें म्हणतां येणार नाहीं. वजन, आंतड्यांची शोषणशक्ति, चालू असलेलीं इतर औषधें, यांचाहि परिणाम होतो. त्यासाठीं जनुकें तपासण्याचेंहि कारण नाहीं. डॉक्टरांना विचारून मात्रा बदलावी आणि पुन्हां रक्त पाहावें. मनानें मात्र वाढवूं नका." आम्हांस थोडी निराशाच वाटली. पत्नीस आरोपीच्या पिंजऱ्यांतून उतरवून तेथें जनुकांस उभें करावयास आम्ही किती उत्सुक होतों, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें.

'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. वर्गांत ती समजावूनहि दिली आहे. पण त्याच वर्गांत एकच व्याख्यान साऱ्यांस देऊन, ज्याला तें लागलें नाहीं त्यास "तूं अभ्यासच केला नाहींस" असें तीस वर्षें सांगत आलों. त्या मुलांपैकीं कितीजणांच्या घरीं रिकाम्या पुड्यांचा डबा असेल, आणि तो आमच्यापुढें आणण्याचें धैर्य त्यांना झालें नसेल, कोण जाणे!

डॉक्टरांनीं मात्रा बदलून दिली, आणि या खेपेस सौभाग्यवतींचा आंकडा २९ वर आला. पुडीची पाळी आतां महिन्याकांठीं एकदांच येते, आणि दोन्ही पेले आम्ही भरतों. तो डबा अजून फडताळांतच आहे. तो टाकून दे, असें म्हणण्याचा धीर आम्हांस अद्याप झालेला नाहीं.