चहा आधी, डिमसम मागून

हाँगकाँगमध्ये मी पीकवर गेले, लांताऊ बेटावरचा 34 मीटर उंच बुद्ध पाहिला, रात्रीच्या बाजारांत पाय दुखेपर्यंत हिंडले. छान होतं सगळं. पण त्या शहराची आठवण आली की मला शेउंग वानमधल्या एका जुन्या चहाघरातली सकाळच आठवते.

आमचा मुक्काम बंदराच्या पलीकडे, चिम शा चुईला होता. मेट्रोने लवकर पोचले असते, पण मी स्टार फेरीने गेले. दोराबजी नवरोजी मिठाईवाला नावाचा पारशी आचारी मुंबईहून इथे आला, स्थिरावला आणि 1888 मध्ये त्याने कोवलून फेरी कंपनी काढली. 1898 मध्ये तिचीच स्टार फेरी झाली. आजही तिच्या बोटींच्या नावांत ‘स्टार’ असतं. हे वाचल्यापासून ते बंदर जमिनीखालून ओलांडणं माझ्या जिवावर येतं.

चहाघर पहिल्या मजल्यावर होतं. आत गेल्यावर कोणी या-बसा म्हणालं नाही. ज्याचं खाणं संपत आलंय त्याच्या खुर्चीमागे उभं राहायचं, एवढीच रीत. मला ती मुळीच आवडली नाही. जेवणाऱ्याच्या घासावर नजर ठेवून उभं राहू नये, असं आमच्या घरात बजावलेलं असे. चिडून परत फिरणार, तोच एका गोल टेबलावरच्या आजोबांनी शेजारच्या स्टुलावरचं आपलं वर्तमानपत्र उचललं आणि स्टूल थोपटलं.

आजोबा ऐंशीच्या घरातले. समोर घोड्यांच्या शर्यतीचं पान, हातात आखूड पेन्सिल. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला कँटोनीज. सगळं हातवाऱ्यांवर चाललं, तरी त्या शहरात त्यांच्याइतकं मला कोणीच शिकवलं नाही.

आधी त्यांनी माझी वाटी, चमचा आणि चॉपस्टिक्स कढत चहाने धुवायला लावल्या आणि धुवण मोठ्या वाडग्यात ओतलं. मग चहा. आपण डिमसम खायला जातो, तिथली माणसं चहा प्यायला जातात आणि सोबत खातात. बिलातही चहाचे पैसे माणशी लावतात. आजोबांचा चहा पु-अर, युन्नानचा, आंबवलेला, काळपट, ओल्या मातीच्या वासाचा. तो किटलीत नव्हता, झाकणाच्या वाटीत होता. झाकण किंचित तिरकं करून, पानं आत अडवून, ते नुसता चहा अलगद पेल्यात उतरवत. ती वाटी इतकी तापलेली की मला धरवेना.

त्यांनी चहा ओतला की मी मान झुकवत होते. त्यांनी हाताने ‘तसं नाही’ अशी खूण केली आणि दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केली. छिएनलाँग बादशहा वेषांतर करून हिंडत असताना त्याने आपल्या नोकराला चहा ओतून दिला. चारचौघांत गुडघे टेकले तर बिंग फुटेल, म्हणून नोकराने बोटं वाकवून टेकली, अशी दंतकथा सांगतात. खरंखोटं काही असो, समोरच्याचं बोलणं न तोडता आभार मानायची इतकी चांगली रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग गाडी आली. बांबूच्या करंड्यांच्या चळती, त्यांतून निघणारी वाफ, आणि पदार्थांची नावं पुकारत गाडी ढकलणारी बाई. गाड्या येण्याआधी विक्रेते गळ्यात तबक अडकवून फिरत असत. गाडी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा अवकाश, लोक आपापली कार्डं घेऊन धावले. कार्डावर लहान, मध्यम, मोठा, खास असे रकाने असतात. करंडी उचलली की बाई शिक्का मारते, शेवटी शिक्के मोजून बिल. मी मागेच राहिले. आजोबांनी माझं कार्ड उचललं, गर्दीत शिरले आणि हार गाऊची करंडी घेऊन आले.

अर्धपारदर्शक पारी, आत गुलाबी कोलंबी. एक तोंडात टाकला आणि कळलं, ही तर उकड! फक्त तांदळाची नव्हे, गव्हाच्या सत्त्वाची. त्यावर उकळतं पाणी ओतून, आपण मोदकासाठी मळतो तशीच गरम गरम मळतात. पण लाटणं नाही की बोटांनी पसरणं नाही. तेल लावलेल्या रुंद सुऱ्याचं पातं आडवं दाबून फिरवलं की पारी तयार. मग एकाच बाजूला चुण्या. निदान सात हव्यात, दहाच्या वर गेल्या तर कारागीर पक्का, असं मानतात. कळ्या मोजून मोदकाला गुण देणाऱ्या घरात मी वाढले. मोजल्या, अकरा भरल्या.

आणि आतली कोलंबी! मसाला नाही, खोबरं नाही. थोडं तिळाचं तेल, बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे. गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन तिचा बुळबुळीतपणा काढतात, म्हणून ती दाताखाली करकरते. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे कालवणात कोलंबी फार शिजवतात, हे माझं मत त्या करंडीने पक्कं केलं.

पुढची करंडी कोंबडीच्या पायांची. आधी तळून, मग पाण्यात भिजवून कातडी फुगवतात आणि आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या रसात मुरवून वाफवतात. रस अप्रतिम होता. पण नख्या काढलेलं ते बोट चोखून हाडं वाटीत टाकत बसणं मला रुचलं नाही, अजूनही रुचणार नाही. आजोबांनी आग्रह केला नाही. करंडी स्वतःकडे ओढली आणि माझ्यासाठी मा लाय गो मागवला, गुळमट चवीचा, जाळीदार, वाफवलेला केक. तो मी एकटीने संपवला.

त्यांनी स्वतः दोनच पदार्थ घेतले. एक वाटी चहा आणि दोन पदार्थ हे तिथल्या न्याहारीचं जुनं माप. बाकी सकाळ पाणी घालून घालून तोच चहा, घोड्यांची नावं, शेजाऱ्यांशी वाद. माणसांना रोज सकाळी जाऊन बसायला अशी हक्काची जागा असणं ही मोठी श्रीमंती आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात डिमसम रात्री नऊला, मंद दिव्यात, तिखट चटणीबरोबर येतो. त्यात चहा नसतो आणि शेजारी अनोळखी आजोबा नसतात. म्हणून तो मला अर्धाच वाटतो.

गाड्या फिरवणारी चहाघरं आता तिथेही थोडीच उरली आहेत. बहुतेक ठिकाणी कागदावर खुणा करून मागवावं लागतं. जाल तेव्हा हॉटेलातली न्याहारी सोडा, सकाळी लवकर, रिकाम्या पोटी जा, आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर बसा. शाकाहारी असाल तर मुळ्याची वडीसुद्धा विचारून घ्या. तिच्यात बहुतेकदा सुका जवळा आणि डुकराचं सॉसेज असतं.