कास्टिंगचा व्हिसा

मला कंपनीने ऑनसाइट पाठवायच्या आधीच माझ्या मामांची कास्टिंग्ज जर्मनीत पोहोचली! कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांची छोटीशी फाउंड्री आहे, पंपांचे भाग ओतायची. ‘इनोव्हेशन’ हा शब्द आमच्या ऑफिसात रोज स्लाइडवर असतो. मामांच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही.

पण बघा ना, लोकल गिऱ्हाइकाला कास्टिंगमध्ये ब्लोहोल सापडलं, तर पीस संध्याकाळी परत येतो, पुन्हा भट्टीत जातो, विषय संपला. ‘‘गाववाल्याला चहा पाजून मिटवता येतंय. जर्मनला कुठला चहा पाजू?’’ मामा म्हणतात. जहाजाने माल जायला कित्येक आठवडे. तिथे एक पीस खराब निघाला तर अख्खी खेप संशयात. म्हणून मामांनी स्पेक्ट्रोमीटर घेतला. लोखंडात कार्बन, सिलिकॉन किती, हे आता ओतण्याआधीच कळतं. प्रत्येक पीसवर हीट नंबर आला. साच्यात रस शिरायची वाट बदलली. तोच सुधारलेला माल आज लोकल पंपवाल्यालाही मिळतो.

मुळात हुशार कंपन्याच एक्स्पोर्ट करतात, की एक्स्पोर्ट त्यांना हुशार करतो, हा अर्थतज्ज्ञांचा जुना वाद. मला विचाराल तर दोन्ही. मामा आधीपासूनच खटपटे. शेजारच्या फाउंड्रीवाल्यांना मात्र मशीनचा खर्चच झेपला नाही, ते शिकणार कुठून? मामांचंही कर्ज अजून फिटतंय. तिकडची ऑर्डर लांबली की मामीला झोप नसते.

परवा नवं ड्रॉइंग आलं, भिंत आणखी पातळ हवी. ‘‘जमायचं नाही,’’ मामा म्हणाले. आणि रविवारी पॅटर्न घेऊन बसले.