सायखेड्याची काठावरची वाट

सायखेड्याच्या बाजारपेठेतून गोदावरीच्या उजव्या तीरावर उतरणारी पाऊलवाट कोणत्याही सरकारी खात्याने आखलेली नाही. धुणे घेऊन निघालेल्या स्त्रियांनी, मळ्याकडे जाणाऱ्या मजुरांनी, गुरे पाण्यावर नेणाऱ्या पोरांनी आणि पर्वणीला स्नानासाठी लोटणाऱ्या भाविकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या तुडवीत आणली, आणि चढउतार असा जवळजवळ नसल्यामुळे वृद्धासही ती सुखाने चालता येते. एका बाजूस द्राक्षांचे मांडव, उसाचे फड आणि कांद्याचे वाफे, दुसऱ्या बाजूस बाभळींच्या सावलीतले संथ पाणी.

हे पाणी इतके संथ का, याचे उत्तर प्रवाहाच्या खालच्या अंगास सापडते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मधमेश्वर येथे, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने बंधारा घातला, त्यातून दोन कालवे काढून नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त मुलखाला पाणी दिले, आणि मागे साचलेल्या गाळावर कालांतराने पाणपक्ष्यांचे असे साम्राज्य उभे राहिले की १९८६ साली तेथे अभयारण्य झाले व पुढे ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

मात्र या शांततेवर काठच्या माणसाचा विश्वास नाही. सायखेडा व चांदोरी यांना जोडणाऱ्या पुलापाशी पाणवेली अडकून पाण्याचा फुगवटा वाढतो, हे येथे प्रत्येकास ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टात दोन्ही गावे पुराने वेढली गेली होती. पूर ओसरला की गाळाखाली वाट नाहीशी होते, आणि नव्याने आखण्याची आज्ञा कोणी दिलेली नसताही लोकांच्या चालण्याने ती पुन्हा उमटते. पाणंदी आणि शीवरस्ते जसे गावच्या नकाशावर नोंदले जातात, तशी या काठच्या वहिवाटीचीही दप्तरी नोंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पूल ओलांडून पैलतीरी चांदोरीस आले की या चिमुकल्या वाटेचा दिल्लीशी असलेला संबंध उलगडतो. नाशिकचे उपाध्याय महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर १७१९ च्या सुमारास दिल्लीस गेले आणि पुढे मराठ्यांचे वकील म्हणून तेथेच राहिले. त्यांच्यामागे त्यांच्या पुत्रांनी ती वकिली सांभाळली, आणि नादिरशहाच्या स्वारीपासून पानिपतापर्यंत बादशाही जसजशी ढासळत गेली तसतशी तिची हकीगत पुण्यास कळविण्याचे नाजूक काम या घराण्याकडे राहिले. चांदोरी हे त्यांचे इनामाचे गाव. येथील हिंगण्यांच्या वाड्यासमोर उभे राहिले असता, वजिरांची कारस्थाने आणि खंडणीच्या वाटाघाटी जवळून पाहिलेल्या या कुटुंबाने आपले मूळ याच काळ्या मातीत रोवले, याचा मनाला विलक्षण आनंद होतो. त्यांचा पत्रव्यवहार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दप्तर’ या नावाने प्रसिद्ध केला. तो वाचून येथे येणाऱ्यास प्रत्येक दगड ओळखीचा वाटेल.

चांदोरीच्या नदीपात्रात जुनी देवळे आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात, म्हणून त्यांच्या दर्शनाची इच्छा असणाऱ्याने बंधाऱ्याचे पाणी उतरल्याची चौकशी गावात करूनच निघावे. शिळांवरील कोरीव काम निवांत पाहता येते ते तेव्हाच.