पाचशेचाळिसातला एक

झेल नीट बसला की आवाज जवळजवळ होतच नाही. बॉल बोटांच्या मुळाशी येतो, हात त्याच्याबरोबर वीतभर मागे जातात आणि सगळं शांत. सुटणाऱ्या झेलाचा आवाज मात्र होतो. मनगटापाशी, तळव्याच्या टणक भागावर बॉल आदळल्याचा तो कोरडा 'टक्' मी बावीस वर्षांचा असताना आझाद मैदानावर ऐकला. आज डोंबिवलीत पोरांना स्लिप कॅचिंग शिकवताना कुणाच्या हातून तसाच आवाज आला, की माझा तळवा अजून आखडतो.

कांगा लीगची मॅच होती. 1948 पासून ही लीग पावसाळ्यात खेळतात. विकेट ओली, आउटफिल्डला वाढलेलं गवत, बॉल साबणाच्या वडीसारखा. पहाटेच्या लोकलने, मालडब्यात किटवर बसून मी गेलो होतो. पहिल्या स्लिपमध्ये उभा होतो. कट लागली आणि बॉल छातीच्या उंचीवर, सरळ माझ्याकडे आला. सोपा होता. सुटला. बोलर एक शब्द बोलला नाही, वळून आपल्या मार्ककडे चालू लागला. त्याचं ते न बोलणं मी पुढच्या चार ओव्हर ऐकत राहिलो. त्या चार ओव्हरमध्येच आणखी एक कट माझ्या डाव्या गुडघ्याजवळून गेली, आणि तेव्हा मी वाकलेलोही नव्हतो. पहिला कॅच हातांनी सोडला होता, दुसरा डोक्याने. पहिल्याचं मला आता काही वाटत नाही. दुसरा इतक्या वर्षांत पचलेला नाही.

कसोटीच्या पूर्ण दिवसात 90 षटकं होतात, म्हणजे 540 बॉल. स्लिपमधल्या माणसाकडे त्यातला एखादा येतो, कधी तोही येत नाही. कुठला येणार हे कुणी सांगत नाही. सहा तास डोळ्यांत तेल घालून उभं राहू म्हटलं तर चहापानापर्यंतच माणूस रिकामा होतो. म्हणून मुलांना मी आधी सोडायला शिकवतो. बोलर मार्ककडे परतत असताना झाडाकडे बघ, शेजारच्याशी दोन शब्द बोल, टोपी नीट कर. तो धावायला लागला की बोलणं बंद. वजन चवड्यांवर, गुडघ्यातून खाली, बोटं जमिनीकडे, हात सैल. पहिली स्लिप बोलरच्या हातापासून बॉल बघते. दुसरी, तिसरी बॅटच्या कडेवर नजर ठेवतात. आणि बॉल कीपरच्या ग्लव्ह्जमध्ये जाईपर्यंत वर उठायचं नाही. सुटणारे निम्मे कॅच मला लवकर उठल्यामुळे सुटलेले दिसतात. मग परत सोडायचं. असं 540 वेळा.

मोठा गोल्फर हेच करतो, असं मला वाटतं. चारेक तासांच्या फेरीत त्याचे फटके सत्तरच्या आसपास, आणि एकेका फटक्याला जेमतेम काही सेकंद. उरलेला वेळ चालणं. 18 मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निक्लॉसने सांगून ठेवलं आहे की, फटका मारण्याआधी चेंडूचा सगळा प्रवास तो सिनेमासारखा मनात बघून घेई. त्याचा चेंडू गवतावर त्याच्यासाठी थांबलेला असतो. आमचा थांबत नाही. पण चालताना सोडायचं आणि उभं राहताना धरायचं हे दोघांना सारखंच लागतं. मागच्या होलवरचा चुकलेला फटका बरोबर घेऊन जो चालतो, तो माझ्यासारखाच दुसऱ्यांदा चुकतो.

हे मी कुणाकडे बघून शिकलो म्हणाल, तर आमच्याच डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे बघून. ऑगस्ट 2015, गॉलची कसोटी. एका सामन्यात 8 झेल, यष्टिरक्षक सोडून कुठल्याही क्षेत्ररक्षकासाठी तेव्हाचा विश्वविक्रम. आधीचा आकडा 7 होता, आणि तो गाठणाऱ्यांत महाराष्ट्राकडून खेळलेला यजुर्वेंद्रसिंगही होता. त्याने 1977 मध्ये बंगळूरला, पदार्पणाच्याच कसोटीत ते केलं होतं. रहाणेचे बहुतेक झेल फिरकीवरचे. बघणाऱ्याला वाटतं, स्पिनरला स्लिप म्हणजे आराम. हिशेब करून बघा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. स्लिप बॅटपासून चारेक मीटरवर. कट लागल्यापासून हाताला बॉल लागेपर्यंत सेकंदाचा पाचवा भागसुद्धा मिळत नाही. फास्ट बोलरला आपण बरेच मागे असतो, तिथे साधारण अर्धा सेकंद तरी मिळतो. स्पिनरच्या बोलिंगवर विचार करायला वेळच नसतो. जे करायचं ते आधीच्या वाकण्यात करून ठेवावं लागतं.

मी ती कसोटी टीव्हीवर बघत होतो ती झेलांसाठी नव्हे, दोन झेलांच्या मधल्या रहाणेसाठी. कॅमेरा स्लिपकडे वळला की मी त्याचे गुडघे बघायचो. श्रीलंकेच्या चंडिमलने दुसऱ्या डावात नाबाद 162 करून सामना फिरवला. तो मारत होता तेव्हा स्लिपकडे काही येत नव्हतं, आणि तरीही दरवेळी रहाणे दिसायचा तो खाली गेलेलाच. भारत 63 धावांनी हरला. आठ झेल घेऊन हरलेला सामना. पुढे एकूण 85 कसोटींत रहाणेचे 102 झेल झाले.

डोंबिवलीत त्याच्याबद्दल सांगतात ती गोष्ट त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलेली आहे. लहानपणी क्रिकेटसाठी डोंबिवलीहून सीएसटीला जायचं. पहिल्या दिवशी वडील बरोबर होते. दुसऱ्या दिवसापासून म्हणाले, आता एकटा जा. एकट्याने जाणं त्याला जमतंय ना हे बघायला ते शेजारच्या डब्यातून येत होते, हे मुलाला नंतर कळलं. गर्दीच्या वेळची आमची लोकल ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या बापाच्या पोटात काय होत असेल ते कळेल. शिकवायला लागल्यापासून मला या गोष्टीत मुलापेक्षा शेजारच्या डब्यातला माणूसच जास्त दिसतो. हाक मारायची नाही, हात धरायचा नाही, पण नजर काढायची नाही.

आमच्या बॅचमध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. हात मऊ, डोकं स्थिर; मी पाहिलेल्यांत उत्तम. गेल्या रविवारी सकाळी त्याला पहिल्या स्लिपमध्ये उभं केलं आणि एकाने थ्रो करायचा, मी बॅटच्या कडेने कट द्यायची, असं सुरू केलं. त्याच्याकडे एकही दिला नाही. सगळे दुसऱ्या स्लिपला, कीपरला, नाहीतर सोडून दिलेले. बारा बॉल तो चोख खाली जात होता. तेराव्याला थोडा कमी वाकला. सतराव्याला उभाच राहिला, नजर मैदानाबाहेर क्लासला निघालेल्या मित्रांकडे. अठरावा त्याच्याकडे मारला असता तर नक्की सुटला असता, आणि त्याला धडा मिळाला असता. मी मारला नाही. बोललोही नाही. अठरावा सोडला, एकोणिसावा सोडला. विसाव्याला त्याने हात पँटला पुसले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या बॉलसारखा गुडघ्यातून खाली गेला. तेव्हा मी बॅटची कड त्याच्याकडे वळवली.