११६ व्या रस्त्याचे स्टेशन

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने ११६ व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरलो. पोरीने हात धरला, जिना चढून वर आलो, तर समोर कोलंबिया विद्यापीठाचे फाटक! महापालिकेच्या गटारखात्यात माझे आयुष्य जमिनीखालीच गेले. पण भुयारातून अशा जागी वर येण्याची ही पहिलीच वेळ. २०२३ च्या जूनमधली ही गोष्ट.

लो लायब्ररीच्या रुंद दगडी पायऱ्यांवर आम्ही बसलो. १९१३ साली, बावीस वर्षांचे असताना, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब इथे आले. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय तेव्हा याच इमारतीत होते.

पोरगी अमेरिकेतच, दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी. करते. आधी वर्ग, मग परीक्षा, मग प्रबंध. ती खालच्या वर्गांना शिकवायला मदत करते, त्याबदल्यात विद्यापीठ फी माफ करते व खर्चाला पैसेही देते. विषय सार्वजनिक धोरण. वस्तीत कोणी विचारले की माझी पंचाईत व्हायची. डॉक्टर म्हणावे तर औषध देत नाही, वकील म्हणावे तर कोर्टात जात नाही. न राहवून विचारले, "एकच विषय धड का नाही घेतलास?"

ती म्हणाली, "आप्पा, बाबासाहेबांनी इथं अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. मग त्यांचा एक विषय कोणता?"

मी गप्प झालो. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. पीएच.डी.चा प्रबंध मात्र सरकारी पैशावर: कर कोण घेतो, खर्च कोण करतो, प्रांताच्या वाट्याला काय येते. तो १९२५ साली छापला गेला व १९२७ साली पदवी मिळाली.

"तुमच्याबरोबरचा तो गडी चेंबरमध्ये कशानं गेला?" तिने विचारले.

"वायूनं."

"वायू रसायनशास्त्रात सापडेल. यंत्र का नव्हतं, ते अंदाजपत्रकात. तो ठेक्यावर का होता, ते कायद्यात. आणि उतरणारे आपल्याच वस्त्यांतले का, ते जातीत. एकाच ठिकाणी शोधलं तर पाव उत्तर मिळेल."

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवू नये, असा २०१३ चा कायदा आहे. आम्ही गेलो त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने मृताच्या घरच्यांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरीही माणसे मरतात. कायदा निघतो तिथून चेंबरच्या झाकणापर्यंत येताना तो कुठे गळतो, हाच पोरीचा प्रबंध.

शेवटी लेहमन ग्रंथालयात गेलो. आत जाण्याची परवानगी पोरीच्या मैत्रिणीने काढली होती. तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, आणि त्याच इमारतीत विद्यापीठाचा धोरण शिकवणारा विभाग आहे. टोपी काढली, हात जोडले. गेलेल्या गड्याचे नाव मनातल्या मनात घेतले.

आता वस्तीत कोणी विचारले तर पंचाईत होत नाही. सांगतो, "पोरगी गटाराचा अभ्यास करते. त्याला चार शास्त्रं लागतात."