वहीतले दोरे

आईचं शिवणयंत्र गेलं आणि खोलीत नुसता मशीनच्या तेलाचा वास उरला. चित्रकार लेकीने त्याच संध्याकाळी नवा कॅनव्हास ताणला.

खिडकीशेजारी पायमशीनवर वाकलेली आई तिने कॉलेजात असताना रंगवली होती. गालावर बाहेरच्या आंब्याची हिरवट झाक, कानामागे जांभळा, मानेवर गेरूचे तुटक फटकारे. रंग कुठेही घोटून एकजीव केलेले नव्हते. जवळून नुसते ठिपके, चार पावलं मागे सरलं की आई. शिक्षकांनी अंगठ्याने तो ओला गाल सारवला. त्वचा अशी नसते, म्हणाले. तो राग तिने अजून सोडलेला नाही.

पुढे तिला पिएर बोनारची चित्रं सापडली. दक्षिण फ्रान्समधल्या ल काने इथे १९२६ साली घेतलेल्या घरात तो बायकोला, मार्तला, न्हाणीघरात वर्षानुवर्षं रंगवत राहिला. समोर बसवून नव्हे, पेन्सिलीच्या टिपणांवरून आणि आठवणीतून. कॅनव्हास भिंतीला ठोकलेला असे. मार्त १९४२ मध्ये वारली, तरी टबातली मार्त आणि कुत्रं हे चित्र १९४६ पर्यंत चालूच होतं. टाइल्स जांभळ्या, पिवळ्या, निळ्या. पाणी कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं, सांगता येत नाही. शेवटी अंथरुणाला खिळल्यावर बहरलेल्या बदामाच्या चित्रात झाडाखालचा हिरवा त्याला खटकला, तेव्हा त्याने भाच्याच्या मदतीने तिथे पिवळा चढवला. चित्राला दुसऱ्याचा हात असाही लागू शकतो, हे वाचून तिला रडू आलं.

आणि असाच वाचनात भेटलेला तो शेवरल! गोब्लँच्या विणकाम कारखान्यातला रसायनज्ञ. काळा दोरा फिका दिसतो, अशी तक्रार आली. दोष काळ्यात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. १८३९ मध्ये त्याने त्यावर ग्रंथच काढला. आईला हे न वाचता ठाऊक होतं. ट्यूबलाइटखाली ती रीळ कधी घेत नसे. कापड घेऊन दुकानाबाहेर उन्हात येई, दोरा त्यावर ठेवी, मगच पैसे देई.

नव्या कॅनव्हासवर गाल पुन्हा हिरवा झाला, पण तिचं मन रमेना. मार्तही चित्रं काढायची. १९२४ मध्ये पॅरिसला मार्त सोलांज या नावाने तिचं प्रदर्शन भरलं होतं, आणि जगाला ठाऊक आहे ती टबातली मार्त. लेकीने ब्रश ठेवला, आईची मापांची वही काढली. पानोपानी कापडाचा तुकडा टाचलेला, शेजारी निवडलेला दोरा: मोरपंखीला करडा, हळदीला विटकरी. पुढच्या प्रदर्शनात ही पानं लावायची आणि खाली आईचं नाव घालायचं, असं तिने ठरवलं आहे. फ्रेमवाल्याला मापंही देऊन झाली.